पहिल्या क्रमांकाची धास्ती

जगात मोजता येत नाही असं काही नाही, असं माझं ठाम मत होतं. होतं! आता का नाही, तेच सांगते.

माझं शिक्षण भौतिकशास्त्राचं, पण नोकरी आर्थिक केंद्रांची क्रमवारी लावणाऱ्या कचेरीत. बँका, शेअर बाजार, विमा कंपन्या ज्या शहरांत दाटीवाटीनं बसतात, त्यांत सगळ्यात स्पर्धाक्षम शहर कोणतं, हे आम्ही दरवर्षी जगाला सांगतो. कायदे किती सुटसुटीत, विमानतळ किती जवळ, कामाची माणसं मिळतात की नाही, अशी ढीगभर आकडेवारी एकीकडे. दुसरीकडे या धंद्यातल्या लोकांना पाठवलेली प्रश्नावली : कुठल्या शहराला दहापैकी किती गुण द्याल? आणि या सगळ्यावर एक नियम, माझा सगळ्यात आवडता. स्वतःच्या शहराला दिलेले गुण धरायचे नाहीत!

यादी लागली की शहरं फोन करतात. आमच्याकडे त्यांना नावानं कुणी ओळखतच नाही. शेजारच्या टेबलावरची बाई सरळ म्हणते, "एकोणीस नंबर आहे गं फोनवर. रडकुंडीला आलाय."

"मॅडम, आम्ही एवढे का घसरलो?"

"यादी म्हणजे तापमापक आहे, साहेब. ताप आम्ही आणत नाही."

हे वाक्य मी इतक्या शांतपणे म्हणते, की माणूस फोन ठेवताना चक्क माझे आभार मानतो.

यंदाची यादी लागली त्याच आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. तिन्ही मुलांना एकदम. सासूबाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. उभं आयुष्य हॉकीच्या सामन्यांत पंच म्हणून धावल्या. शिट्टी अजून पर्समध्ये असते; रस्ता ओलांडताना वाजवतात आणि बस थांबते! तर त्यांच्या इमारतीची लिफ्ट बदलायला काढली होती आणि त्यांचा गुडघा जिन्याला तयार नव्हता.

"काम संपेपर्यंत कुठेतरी हलावं लागेल," त्या म्हणाल्या, "तर मी म्हणत होते..."

"लिफ्टची कामं कधी संपतात का?" थोरले दीर मधेच म्हणाले. "कायमचीच सोय बघायला हवी. आई, तू अजिबात काळजी करू नकोस. आम्ही ठरवतो!" आणि फोन ठेवून दिला.

घरं तीन. थोरले दीर आणि जाऊबाईंचं, नणंदेचं आणि आमचं. तिन्ही घरांनी एका सुरात "आमच्याकडेच!" म्हटलं आणि त्याच सुरात पुढे "पण" लावला. जाऊबाई दातांच्या डॉक्टर. त्यांचा पण दवाखान्याच्या वेळांचा. नणंदेचा पण मुलाच्या परीक्षेचा. माझा पण मी बोलले नाही. माझ्या पणाला चार भिंती आणि एक दार होतं. आमच्या घरात दार लावून बसता येईल अशी एकच छोटी खोली आहे आणि तिच्यात माझं टेबल आहे. ती खोली गेली की मी संपले!

"भांडायचं कशाला?" मी नवऱ्याला म्हटलं. "मी क्रमवारी लावते. शास्त्रशुद्ध."

"आईची?"

"घरांची रे!"

जाऊबाईंचा तळमजला, पुढे बाग, दोन बाथरूम. कुठल्याही निकषावर त्याच पहिल्या येणार, हे मला कागद न घेता दिसत होतं. इतक्या सोयीचा निःपक्षपातीपणा पुन्हा कधी मिळणार?

प्रश्नावली गेली. चढ-उतार, शांतता, सोबत, बाथरूम, डॉक्टरांचं अंतर. वर ठळक अक्षरांत : स्वतःच्या घराचे गुण धरले जाणार नाहीत.

उत्तरं इतकी झटपट आली की मला तिथेच शंका यायला हवी होती. आमचं घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट मनात आलं तर चालणारी. त्या घराला 'चढ-उतार' या सदरात जाऊबाईंनी पैकीच्या पैकी दिले होते! शेरा : "वर हवा छान येते." नणंदेचा मुलगा दिवसभर ड्रम बडवतो, तिच्या घराला 'शांतते'त थोरल्या दिरांचे दहा. नणंदेनं जाऊबाईंच्या घराला भरभरून गुण देऊन लिहिलं होतं, "दातांची काळजीच मिटली."

आणि मी? मी जाऊबाईंच्या बागेला दहा दिले. मग 'मोकळी हवा' असं नवं सदर काढून त्याच बागेला पुन्हा दहा दिले.

कच्ची यादी तयार झाली. जाऊबाई पहिल्या, नणंद दुसरी, आम्ही शेवटचे. मी समाधानानं खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर नवरा फोनवर म्हणत होता, "दादा, अभिनंदन!"

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊबाईंचा फोन.

"अगं, आम्ही पहिले कसे आलो? काय वाईट केलं होतं तुझं?"

"वहिनी, यादी म्हणजे तापमापक..."

"खड्ड्यात गेला तुझा तापमापक! आमच्याकडे कुत्रा आहे, तो धरलास का?"

"तुमच्याकडे कुत्रा कुठे आहे?"

"संध्याकाळपर्यंत येईल!"

आला. वासराएवढा! नणंदेला सुगावा लागताच तिनं ड्रम पाहुण्यांच्या खोलीत हलवून फोटो पाठवला. ते कळताच थोरल्या दिरांनी एक बाथरूम खणून काढलं. "नळ गळत होता," म्हणे. नवी माहिती आली की आकडे दुरुस्त करायचे, हा माझा धर्म. मी दुरुस्त करत होते, यादी हलत होती, यादी हलली की फोन वाजत होता. शहरं वर चढायला धडपडत होती, नातेवाईक खाली उतरायला, आणि मधल्या जिन्यावर मी! घास तोंडात असताना उठून बेरीज तपासायची, दात घासता घासता कुठल्या सदराला किती वजन ते बदलायचं.

त्यातच एका दुपारी फोन वाजला आणि मी ओरडले, "हे बघा, आणखी एक कुत्रा आणलात तरी फार तर अर्धा गुण कमी होईल!"

पलीकडून एकोणीस नंबर शहराचे अर्थसल्लागार हळूच म्हणाले, "मॅडम, कुत्र्यांच्या बाबतीत आमचे कायदे कडक आहेत. त्याचे काही गुण मिळतात का?"

घरी पोचले तर नवरा बाथरूममध्ये, हातात स्क्रूड्रायव्हर. भिंतीवरचा धरायचा दांडा काढत होता.

"हे काय चाललंय?"

"डळमळत होता."

"मुळीच डळमळत नव्हता!"

"आता डळमळतोय." आणि मग आवाज खाली आणून, "तुझ्या खोलीसाठीच करतोय गं!"

"आकड्यांशी खेळ मला चालणार नाही!" मी बाणेदारपणे म्हणाले आणि दांडा परत बसवून घेतला. त्या बाणेदारपणानंच घात केला. बाकीच्यांची घरं दिवसेंदिवस राहण्याच्या लायकीची उरली नाहीत, आमचं होतं तसंच राहिलं. पक्की यादी लागली आणि आम्ही पहिले आलो. दणदणीत फरकानं!

रविवारी निकाल सांगायला सगळे सासूबाईंकडे जमलो. जाऊबाईंनी पुरावा म्हणून कुत्राही आणला होता. मी आलेख भिंतीला लावला आणि नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "यादी म्हणजे तापमापक असतो..." आमचं नाव येताच टाळ्यांचा कडकडाट! जाऊबाईंनी मला मिठी मारली. नणंद म्हणाली, "तूच डिझर्व्ह करतेस गं!" हरल्याचा एवढा आनंद मी कुठल्याच शहराच्या तोंडावर पाहिला नव्हता.

सासूबाईंनी चष्मा लावून आलेख वरपासून खालपर्यंत पाहिला. मग पर्स उघडली.

फुर्रर्र!

कुत्रा खाली बसला. थोरले दीरही बसले.

"पुढे सोपा संघ वाट्याला यावा म्हणून मुद्दाम हरणारे मी खूप पाहिलेत," त्या म्हणाल्या. "चेंडू पायाशी आला की नेमकी बुटाची नाडी सुटते. थोरल्या, हा कुत्रा कधी घेतलास?"

"या... याच आठवड्यात, आई."

"बाथरूम?" दीर खिडकीबाहेर बघू लागले. "ड्रम?" नणंदेला खोकला आला. मी ताठ उभी होते. माझ्या आकड्यांत खोट नव्हती!

"आणि तू. बागेला दोनदा गुण कुणी दिले?"

मी आलेखाची टाचणी नीट करू लागले.

"प्रश्नावली कुणाकुणाला पाठवली होतीस?"

"तिन्ही घरांना."

"आणि राहायला जाणार कोण होतं?"

इतकी वर्षं मी निकष शोधून काढते. हा सुचला नव्हता.

"तुम्हाला... पाठवायची राहिली, आई."

"बरंच झालं. मी माझ्या मैत्रिणीकडे चालले आहे. जिला मी ऐन अंतिम सामन्यात समोरच्या खेळाडूला काठी मारल्याबद्दल मैदानाबाहेर काढलं होतं ना, तिच्याकडे. ती अजून म्हणते, तिची चूक नव्हती. म्हणाली, येऊन राहा, एकदा काय ते मिटवू. फोनवर तेच सांगत होते, तर यानं फोन ठेवला." त्यांनी शिट्टी पर्समध्ये टाकली. "आता तीन जिने बॅगा कोण उतरवतंय, त्याची क्रमवारी लावा."

बॅगांवर आम्ही पाचही जण तुटून पडलो. नवरा पहिला आला.

खोली माझीच राहिली. दार लावून बसते. पण काम होत नाही. उठते, बाथरूममधला दांडा हलवून बघते, घट्ट आहे, परत येऊन बसते. पहिला क्रमांक मिळवलेलं घर आणि कुणी यायला तयार नाही! एकोणीस नंबरला काय वाटत असेल, ते मला आता कुठे कळायला लागलं. शेवटी परवा न राहवून फोन लावला.

"आई, आम्ही पहिले आलो होतो. फरकसुद्धा केवढा होता! मग आमच्याकडे का नाही?"

मागून मैत्रिणीचा आवाज आला, "काठी लागलीच नव्हती तिला!"

"लागली होती!" सासूबाई तिकडे ओरडल्या आणि मग मला म्हणाल्या, "अगं, यादी म्हणजे तापमापक ना?"

"हो."

"मग मला ताप आला की बघू!"

फोन ठेवताना मी त्यांचे आभार मानले.