तुपाचा तपास

लेकीला, छकुलीला, बघायला जळगाव जामोदचे पाहुणे येणार होते, त्याच सकाळी उत्तमरावांच्या लक्षात आलं की फडताळातला तुपाचा डबा जागेवर नाही.

दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने बायकोला विचारलं असतं. उत्तमरावांनी विचारलं नाही. त्यांनी चष्मा पुसला, हात मागे बांधले आणि फडताळासमोर उभे राहून म्हणाले, "कोणी कशाले हात लावू नका. जसं हाय तसं राहू द्या."

"माह्यं पुरण शिजून राह्यलं," कोकिळाबाई म्हणाल्या. "विलायची त्याच फडताळात हाय."

"विलायची मोठी का पुरावा मोठा?"

उत्तमराव चिखलीच्या बाजार समितीत जन्मभर धान्य मोजणारे मापारी होते. निवृत्त झाल्यावर त्यांना विलायती गुप्तहेरकथांचं वेड लागलं. रोज जेवून ते वाचनालयात जायचे आणि मराठीत आणलेली जुनी इंग्रजी पुस्तकं उघडायचे. त्यांत मोठा बंगला असायचा, बाहेर धुकं असायचं, गालिच्यावर प्रेत पडलेलं असायचं आणि तरी चहा वेळेवर यायचा. हे सगळं त्यांना आवडायचंच. पण खरी भूल पडली होती ती शेवटच्या प्रकरणाची. गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो आणि बोलतो. पानंच्या पानं बोलतो. ज्याला फासावर जायचं आहे तोसुद्धा मध्ये तोंड घालत नाही. उत्तमरावांचं एकही वाक्य त्यांच्या घरात आजवर कोणी पुरं होऊ दिलं नव्हतं.

छकुलीने एकदा मोबाइलवर हल्लीची विलायती मालिका लावून दिली होती. ती त्यांनी अर्ध्यात बंद केली. "ह्याची बायको सोडून गेली, हा दारू पिते अन् खिडकीत बसून रडते. खुनी राह्यला बाजूले, पयले ह्याचीच समजूत काढा लागते," असा निकाल त्यांनी दिला.

तुपाची गोष्ट साधी होती. डॉक्टरांनी उत्तमरावांचं तूप बंद केलं होतं, आणि उत्तमरावांनी तूप सोडून डॉक्टर बंद केला होता. म्हणून कोकिळाबाईंनी डबा शेजारच्या नूरजहां भाभींकडे नेऊन ठेवला होता. एवढं सांगितलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. कोकिळाबाईंनी मुद्दाम सांगितलं नाही. माणूस तुपामागे लागला म्हणजे पोरीमागे लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

कारण पोरीचं प्रकरण वेगळंच होतं. येणारा मुलगा हर्षल आणि छकुली बी.एड.ला बरोबर होते. उत्तमराव वाचनालयात गेले की हर्षल नोट्स घ्यायला यायचा. परीक्षा संपली, नोट्स रद्दीत गेल्या, तरी यायचा. हे कोकिळाबाईंना माहीत होतं, नूरजहां भाभींना माहीत होतं, हर्षलच्या वडिलांना माहीत होतं, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही माहीत होतं. जात एकच, घर खाऊनपिऊन सुखी, बापाचं बियाण्याचं दुकान. नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त मोठ्यांच्या आधी पोरांनी ठरवलं, एवढाच गुन्हा. पण अशाच गुन्ह्यासाठी उत्तमरावांनी सख्ख्या पुतणीचं नाव टाकलं होतं. म्हणून मध्यस्थ घालून, बायोडाटा धाडून सगळा देखावा रीतसर उभा केला होता. विलायती कथेत सगळे अंधारात असतात आणि एकट्या गुप्तहेराला ठाऊक असतं. इथे तेवढा एक फरक होता.

पाहुणे आले. हर्षल आणि त्याचे वडील गोपालराव. दोघे मागच्या अंगणात हातपाय धुऊन आले, बैठकीत टेकले. स्वयंपाकाला हातभार लावायला आलेल्या नूरजहां भाभींनाही उत्तमरावांनी बाहेर बोलावून बसवलं. मग दाराला आतून कडी घातली.

"जेवणाआधी एक काम हाय," ते म्हणाले. "या घरात चोरी झाली. अन् चोर याच खोलीत हाय."

गोपालरावांनी हातातला पेढा बशीत परत ठेवला. "आमी तं आत्ताच आलो बापा."

"तिथंच तं मेख हाय!" उत्तमराव येरझारा घालू लागले. बैठक लहान, त्यामुळे दर खेपेला टीव्हीच्या टेबलाला वळसा पडत होता. "आमच्या अंगणातला नळ उलटा फिरते. नव्या माणसाले उघडत नाई. गोपालराव, तुमाले उघडला का?"

"नाई उघडला. लय झगडलो. शेवटी बादलीतलं पाणी घेतलं."

"अन् ह्यानं?" उत्तमरावांनी हर्षलकडे बोट केलं. "मी खिडकीतून पाह्यलं. हा मोबाइल पाहता पाहता नळापाशी गेला अन् न बघता उलटा फिरवला. याचा अर्थ काय? हा पोट्टा या घरात पहिल्यांदा आला नाई!"

पडद्याआड छकुलीच्या हातातल्या कपबशा वाजल्या आणि थांबल्या. कोकिळाबाईंनी पदर तोंडावर धरला. त्यांच्या डोळ्यांपुढे पुतणी उभी राहिली. उत्तमराव मात्र सुखावून गेले होते. जन्मात पहिल्यांदा त्यांना कोणी मध्ये तोडलं नव्हतं.

"मग हा काऊन आलता?" त्यांनी आवाज खाली आणला. "तुपासाठी!"

हर्षलने पडद्याकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं. बाप पंख्याकडे पाहत होता. प्रेम केलं म्हणावं तर हे दार जन्मभर बंद. चोरी केली म्हणावं तर एवढं काही बिघडत नाही. चोराला आपल्याकडे लोक निवडूनसुद्धा देतात.

"हाव," हर्षल म्हणाला. "मीच नेलं."

"अबे, तूप?" गोपालराव उठलेच. "घरी म्हशी हायेत न आपल्या!"

"बाबा, बसा न तुमी."

"रागावू नका, पाहुणे," उत्तमराव मायेने म्हणाले. कबुली मिळाल्यावर त्यांना जगातलं कोणीच वाईट वाटत नव्हतं. "पोट्टा हुशार हाय. सोयरीक करायच्या आधी गुपचूप घर पाहून गेला. नमुना पाह्यल्याबिगर सौदा करत नाई, असा जवाई पायजे. तूप दिसलं, मन फिरलं. जवायानं खाल्लेलं तूप कोणी चोरीत धरत नाई. मले पसंत हाय."

पडद्याआड पुन्हा कपबशा वाजल्या, या वेळी आनंदाने. आता नुसतं जेवायला बसायचं होतं. पण नूरजहां भाभींना हे बघवेना.

"काय भाऊ तुमी! पोराच्या माथी चोरी मारता?" त्या म्हणाल्या. कोकिळाबाई मागून हातवारे करत होत्या, तिकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. कडी काढून त्या तरातरा घरी गेल्या आणि डबा आणून उत्तमरावांपुढे आपटला. "घ्या! वहिनीनं माह्याकडं ठेवला होता, तुमी खाऊ नये म्हणून."

"मग यानं कबूल काऊन केलं?"

"काऊन म्हंजे? तो तुपासाठी नाई, पोरीसाठी येत होता! बी.एड.पासून! आख्ख्या गल्लीले मालूम हाय, तुमाले सोडून!"

उत्तमराव हळूहळू खुर्चीत बसले. "माह्या घरात? अन् मले पत्ता नाई?"

"तुमी वाचनालयात राहत होते न," भाभी म्हणाल्या.

आता वाट निवडायची पाळी उत्तमरावांची होती. भाभींचं खरं धरलं, तर इस्त्रीवाल्याला कळलेली गोष्ट त्यांना कळली नव्हती. हर्षलचं खरं धरलं, तर चिखलीत त्यांच्यासारखा गुप्तहेर नव्हता. छकुली पडदा बाजूला करून उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. सगळे उत्तमरावांकडे बघत होते.

"शक्य नाई," ते शेवटी म्हणाले. "तसं असतं तं मले कळलं असतं."

"अवो पण भाऊ..."

"थांबा." त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. "डबा काठोकाठ भरला होता. आता पाहा, खाली गेला का नाई?" परवाच्या शिऱ्यासाठी त्यातून पळीभर तूप घेतलेल्या नूरजहां भाभी एकदम आपल्या बांगड्या सारख्या करू लागल्या. "यानं खाल्लं, उरलेलं तुमच्याकडं सरकवलं, अन् गल्लीत प्रेमाची आवई उठवली. तपास भलतीकडं न्यायचा म्हणून! विलायतेत असंच करतात. गुन्हेगार कबूल हाय. गोपालराव, तारीख काढा."

"काढतो," गोपालराव घाईघाईने म्हणाले. "लवकरचीच काढतो."

पानं मांडली. कोकिळाबाई तुपाची वाटी घेऊन वाढायला आल्या. होणाऱ्या जावयाच्या पोळीवर त्या धार धरणार, तोच उत्तमरावांनी त्याच्या ताटावर हात आडवा धरला.

"याले नको. यानं आपल्या वाट्याचं आधीच खाल्लं."

हर्षलने मान खाली घालून कोरडी पुरणपोळी मोडली. उत्तमरावांनी आपलं ताट पुढे सरकवलं. आणि त्या दिवशी कोकिळाबाईंना 'नाही' म्हणता आलं नाही.