हलबलूचं आजोळ

तांबट आळीत एक रावजी तांबट होता, त्याची बायको भागूबाई होती, त्यांची एकुलती लेक शेवंता होती, आणि तिला बघायला इंग्रजीतला एक शब्द आला होता. हलबलू त्याचं नाव. त्याच्या मुलखात आरडाओरड्याला हलबलू म्हणतात. आला तो एकटाच. चपला दारात नीट जोडून काढल्या आणि पाटावर बसला.

शेवंताचं लग्न काही केल्या जमत नव्हतं. पोरीत खोट नव्हती हो. पण दिवसभर तांब्यावर हातोडा, त्यामुळं त्या घरात साधं "मीठ दे" म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. पाहुण्यांना वाटायचं, भांडणं पेटली. पोहे अर्धे टाकून उठायचे. शेवंताच्या बरोबरीच्या मुलींची पोरं शाळेत जायला लागली, तेव्हा हे शेवटचं स्थळ, असं रावजीनं ठरवून टाकलं.

"पोहे आण गं!" भागूबाई ओरडली.

"आणतेय की! हात दोनच आहेत मला!" शेवंता आतून गरजली.

हलबलू जागचा हलला नाही. बशी संपवून म्हणाला, "अजून थोडे वाढा."

तिथंच भागूबाईच्या मनात पाल चुकचुकली. सगळे पळाले, मग हाच का बसलाय? काहीतरी लपवतोय मेला.

"गाव कुठलं म्हणायचं?"

"इंग्लंड. कुणी कुणी स्कॉटलंडही सांगतात."

"कुणी कुणी? तुला ठाऊक नाही?"

"खात्रीनं कुणालाच नाही, मावशी."

"बाप?"

"हलो. लांबच्या माणसाला मारायची हाक."

"आणि आई?"

"बालू. तिकडं बाळ निजवताना म्हणतात ती. असं ऐकून आहे. मी तिला पाहिलेली नाही."

"बाप हाका मारतो अन् आई निजवते!" भागूबाई नवऱ्याच्या कानात म्हणाली, म्हणजे सगळ्या आळीनं ऐकलं. "असं जोडपं एका छपराखाली नांदेल का? बनाव आहे!"

रीतीप्रमाणं शेजारीपाजारी चौकशी करायला तिचा भाऊ धोंडूमामा गेला. हलबलूचं बिऱ्हाड इंग्रजी शब्दकोशात. मामा वाचनालयात जाऊन आला.

"वरच्या ओळीत टरफलाचा शब्द राहतो, खालच्या ओळीत गुणगुणीचा," तो म्हणाला. "दोघं सांगतात, मुलगा सरळ आहे. पण आईकडचं कुणी कधी आलं-गेलं नाही."

"बघा! अंतरपाट धरल्यावर मुलाच्या पाठीशी मामा लागतो. याच्या पाठीशी काय, भिंत? आईकडचं काहीतरी दाखव बाबा, नाहीतर वाट धर."

शेवंता दारात उभी होती. पदराचं टोक तिनं मुठीत आवळलं.

"आईचा माझ्यात मागचा अर्धा भाग तेवढा आहे," हलबलू म्हणाला.

"तोच दाखव."

त्यानं पुढचा भाग काढला, घडी घालून मांडीवर ठेवला, आणि उरलेला हळूच लांबवून म्हटला. बालू. पुन्हा म्हटला. बालू, बालू.

रावजी हातोडा हातात धरून बसल्या जागी निजला. शेजारच्या दुकानातला ठोका थांबला, मग पलीकडचा. धोंडूमामा खांबाला टेकला तो टेकलाच. भागूबाई तेवढी डोळे ताणून बसली. एवढा संशय पोटात असल्यावर झोप कसली येते?

दारातली शेवंताही जागीच होती. त्या शांततेत ती बोलली, अगदी हळू. "आई, मला पसंत आहे."

भागूबाई लेकीकडं बघतच राहिली. इतकं हळू बोललेलं या पोरीचं तिला जन्मात ऐकू आलं नव्हतं.

"परत बोल," ती म्हणाली. तीही हळूच.

शेवंता परत बोलली.

"बरं," भागूबाई हलबलूला म्हणाली. "आधी तो पुढचा भाग चढव अंगावर, असा उघडा बसू नकोस. मामाच्या जागी मी उभी राहीन. माझं लक्षही राहील."

लग्न झालं. अंतरपाट धरला तेव्हा हलबलूच्या पाठीशी सासू उभी होती, नजर त्याच्या मानेवर. शेवंताचा संसार सुखाचा झाला, रावजीला दुपारी डोळा लागू लागला, आणि जावई जेवायला आला की भागूबाई त्याला दुसऱ्यांदा पोहे वाढायची आणि का खातोय ते बघत बसायची.