मिठाची अर्थिंग

"आता या घरातलं काही जळणार नाही. व्होल्टेज हजारावर जाऊ दे, आपला बल्ब डोळा मिचकावणार नाही," असं जागेश्वररावांनी अंगणात उभं राहून जाहीर केलं. आवाज असा लावला, की भिंतीपलीकडच्या ताराचंदला ऐकू जावं. ताराचंदचा टीव्ही नुकताच व्होल्टेज वाढून जळाला होता आणि जागेश्वरराव पडले खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. तिथं ते कँटीन सांभाळत, ही गोष्ट वेगळी. जन्मभर विजेच्या शेजारी चहा उकळला, की माणसाला वीज आपोआप कळते, अशी त्यांची पक्की समजूत होती.

मिस्त्रीनं मीटरजवळ एक डबी बसवली. व्होल्टेज उसळलं, की ती घरातला करंट तोडणार. जाताना तो म्हणाला, "काका, उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा. थोडं मीठ टाकलं तरी चालते."

थोडं हा शब्दच जागेश्वररावांना सोसत नाही! त्यांनी खडे मिठाचं पोतं आणलं आणि दोन्ही वेळा बादलीभर खारं पाणी खड्ड्यात ओतायला लागले.

"अवो, खड्डा झाडाच्या बुडाशी आहे," त्यांच्या पत्नी मैनाबाई म्हणाल्या.

"तू तुझी भाजी पाह्य वं. हे टेक्निकल काम आहे."

झाड संत्र्याचं होतं. काटोलचे बागायतदार व्याही महादेवराव यांनी आपल्या लेकीच्या, भारतीच्या लग्नात आहेर म्हणून दिलेलं कलम. महादेवराव फोनवर आधी झाडाची तब्येत विचारत, मग लेकीची. यंदा झाडाला पहिल्यांदाच फळं धरली होती आणि ती चाखायला ते रविवारी जातीनं येणार होते.

आणि त्याच आठवड्यात झाडाची पानं पिवळी पडून गळाली. मागोमाग फळंही खाली आली.

"मारलं नं झाड! आता इवायाले काय तोंड दाखवता?" मैनाबाई कपाळाला हात लावून बसल्या.

जागेश्वररावांना घाम फुटला. व्याह्यांसमोर नाक कापलं जाणार, सुनेला वाईट वाटणार. रविवारी सकाळीच त्यांनी बाजारातून संत्री आणली, ताराचंदकडून कागदी लिंबाच्या पानांनी भरलेल्या डहाळ्या मागून आणल्या आणि वायरवाल्यांच्या काळ्या चिकटपट्टीनं सगळं झाडाला गुंडाळलं. झाड लांबून बरं दिसत होतं. अगदी लांबून, म्हणजे गल्लीच्या टोकावरून.

"त्याईले कूलरसमोरून हलू देऊ नको," त्यांनी बायकोला बजावलं.

महादेवराव आले, कूलरसमोर बसले, झाडाचं विचारू लागले. जागेश्वररावांनी चहा पुढं केला, मग पोहे, मग पुन्हा चहा. तेवढ्यात आभाळ गडगडलं, वारा सुटला, तारा एकमेकींवर आपटल्या आणि मीटरजवळ टक्क झालं. डबीनं आपलं काम चोख बजावलं होतं. कूलर बंद!

"उकडून राहिलं बावा. चला, झाडाखाली बसू," म्हणत महादेवराव अंगणात पोचलेसुद्धा.

त्यांनी संत्रं ओढलं, तर अख्खी डहाळी हातात आली. पान चोळून त्यांनी वास घेतला.

"इवाई, संत्र्याले लिंबाचं पान?"

"झाड उन्हानं गेलं हो," जागेश्वरराव पुटपुटले. "तुम्हाले वाईट वाटू नये म्हणून हे केलं."

महादेवरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "एका झाडाचं काय घेऊन बसले? आपल्या बागेत सातशे आहेत."

जागेश्वररावांच्या जिवात जीव आला. इतक्यात ताराचंद भिंतीवरून ओरडला, "काका, माझा फ्रिज बी गेला! तुमचं?"

"आमचं सगळं शाबूत. अर्थिंग पक्की आहे!" जागेश्वरराव ताठ होत म्हणाले.

महादेवरावांचे डोळे चमकले. "काहीच नाही जळलं? माह्या बागेतली मोटर दर उन्हाळ्यात जळते. उद्या चला माह्यासंग काटोलले. अशीच अर्थिंग करून द्या, तुमच्याच हातानं. मोटर बागेच्या मधोमधच आहे."

जागेश्वररावांनी मैनाबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगता का मी सांगू?"

"इवाई," जागेश्वरराव खाली मान घालून म्हणाले, "झाड उन्हानं नाही गेलं. अर्थिंगनं गेलं. मी मीठ घातलं."

"किती?"

"पोतंभर."

महादेवरावांनी त्या वाळक्या खोडाकडं पाहिलं. मग हातातली डहाळी खाली ठेवत म्हणाले, "मोटर जळू द्या."