दुसऱ्या मजल्यावरचं विमान

आमच्या इमारतीतलं कुणीही विमानाने निघालं, की आदल्या संध्याकाळी त्याला दुसऱ्या मजल्यावर सामंतकाकांच्या हॉलमध्ये डोळे मिटून, ओणवं होऊन चालावं लागतं. सक्ती नाही. पण नौपाड्यातली आमची इमारत जुनी, जिना एकच, आणि काका दार उघडं टाकून समोर बसलेले. सुटणार कसं?

हॉलमध्ये डायनिंग टेबलच्या सहा खुर्च्या दोन रांगांत मांडलेल्या असतात, मधे वाट. आपण शेवटच्या खुर्चीत बसायचं. पोटाला ओढणी बांधायची. मग काका शांतपणे जाहीर करतात, "धूर." की आपण पट्टा सोडून, खुर्च्या चाचपत, मोजत, दाराकडे निघायचं. मधेच सुनंदाकाकू पोह्यांची डिश घेऊन आडव्या आल्या, तर तो अडथळा समजायचा.

काका कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. कारखाना सुटला, सेफ्टी सुटली नाही. "शक्यता नाकारता येत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. काकूंनी एकदा विचारलं, "अहो, आमटीत मीठ जास्त झालंय का?" त्यावरही हेच उत्तर आलं.

गंमत म्हणजे काका स्वतः जन्मात कधी विमानात बसले नव्हते.

"काका, विमानापेक्षा आपला घोडबंदर रोड जास्त धोक्याचा," मी एकदा त्यांना म्हटलं. त्यांनी ते लगेच मान्य केलं, खाली उतरले, आणि शेअर रिक्षात चौथी सीट म्हणून ड्रायव्हरशेजारी बसून निघून गेले. अर्धे आत, अर्धे बाहेर.

"विमानातला पट्टा कसा सोडायचा ते यांना झोपेत विचार," काकू गॅलरीतून म्हणाल्या. "आणि स्वतः बसतात ते रिक्षावाल्याच्या मांडीवर."

मी हसायचो खरा, पण ऑफिसच्या कामासाठी दिल्लीला निघालो तेव्हा विमान जरा हललं आणि मी नकळत डोळे मिटून पुढच्या खुर्च्या चाचपत मोजू लागलो. दुसरी खुर्ची जरा गुळगुळीत लागली. डोळे उघडले तर ते एका गृहस्थांचं टक्कल होतं.

"कुछ चाहिए?" त्यांनी विचारलं.

"नहीं," मी म्हणालो, "गिन रहा था."

तर सांगायचं म्हणजे, सामंतांची एकुलती एक मुलगी मुग्धा बंगळुरूला असते. वर्षातून दोनदा हे दोघं तिच्याकडे जातात. काकू विमानाने, काका ट्रेनने. काका एक दिवस आधी निघतात, आणि काकूंचं विमान उतरतं तेव्हा बाहेर कठड्याला टेकून उभे असतात. यावर आमच्या इमारतीचं एकमत होतं, की माणूस भित्रा आहे. बायकोला वर पाठवतो आणि स्वतः रुळावरून जातो. त्या एकमतात माझं मत धरलेलं होतं.

गेल्या मार्चमध्ये एका सकाळी काकूंनी आमची बेल वाजवली. मुग्धाला दिवस गेले होते, तारीख अजून तीन आठवडे लांब होती. पण तिचं बीपी वाढलं, डॉक्टरांनी दाखल करून घेतलं आणि सिझर उद्या सकाळीच करायचं ठरवलं. ट्रेनने वेळेत पोचणं शक्य नव्हतं. जावयाने दुपारच्या विमानाची दोन तिकिटं काढून पाठवली होती. एकाच विमानाची.

"हे तयार होत नाहीयेत," काकू म्हणाल्या. "बघ ना जरा, सुहास."

मी खाली गेलो. काका शर्ट-पँट घालून खुर्चीत बसले होते. बॅग भरलेली होती.

"सुनंदा जाईल. मी संध्याकाळची गाडी पकडतो."

"काका, तोवर बाळ होऊन जाईल."

"होऊ दे. मी परवा बघेन."

काकूंनी मुग्धाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, मला भीती वाटतेय. तुम्ही दोघं या. एकेकटे नका येऊ."

 काकांनी उठून चपला घातल्या.

मी त्यांना गाडीने सोडायला निघालो. काका पुढे, काकू मागे. पवईच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मी आपला धीर द्यायला म्हणालो, "काका, विमानाला घाबरायचं काही नसतं."

"विमानाला कोण घाबरतंय?" ते समोर बघतच म्हणाले. "मी नऊ वर्षांचा होतो. आई-बाबा एकाच एसटीने लग्नाला निघाले. गाडी घाटात दरीत गेली. मग मी विठ्ठलवाडीला काकाकडे वाढलो. काकाने काही कमी केलं नाही. पण प्रगतीपुस्तकावर सही कुणाची घ्यायची, हे दरवेळी विचारावं लागायचं."

सिग्नल सुटला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवल्यावर माझ्या लक्षात आलं.

"मुग्धा झाली तेव्हाच ठरवलं," ते म्हणाले. "लांबच्या प्रवासाला दोघांनी एकत्र निघायचं नाही. तिला एक तरी उरायला हवं."

मागून काकू म्हणाल्या, "बत्तीस वर्षं मी खिडकीशी एकटी बसतेय. नवऱ्याशी भांडण आहे का, असं विचारतात लोक."

एअरपोर्टच्या दारात काकांनी माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. आत घराची किल्ली होती, आणि मुग्धाचा नंबर, जो माझ्याकडे होताच.

"आता आम्ही दोघं एकाच विमानात आहोत," ते म्हणाले. "तेव्हा दोन तास तू आहेस तिला. चालेल ना?"

मी मान हलवली. आयुष्यात इतकी मोठी नेमणूक मला कुणी दिली नव्हती. घरी परतायचं सोडून मी पार्किंगमध्येच गाडीत बसून राहिलो, फोन मांडीवर ठेवून. मधे एकदा बँकेचा फोन आला, तर लोन नको म्हणताना माझा आवाज कापला.

अखेर काकूंचा फोन आला.

"उतरलो रे. सगळे उभे राहिलेत. आता तूच सांग यांना, माझा हात सोडा म्हणावं. वरची बॅग काढायचीय."

त्यांनी फोन काकांच्या कानाला लावला असावा. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

मी काही सांगितलं नाही.