चोवीस तास जागा केरू

"केरू हा माणूसच नाही," ज्ञानेश फोनवर ठासून म्हणाला. "बॉट आहे. आपोआप चालणारा प्रोग्रॅम. लिहून देतो!"

महेशने कपाळाला हात लावला. सातपूरच्या कारखान्यातली पाळी संपवून रोज संगणकापुढे बसायचे, हा त्याचा नेम. 'हरिकथेचा कट्टा' त्यानेच दोन वर्षांपूर्वी, २००६ साली, इंटरनेटवर मांडला होता. सभासद दोनशे बारा, ज्ञानेश त्यांतलाच एक. रविवारी त्यांचा पहिला मेळावा, तोही खंडेराव महाराजांच्या कीर्तनाने. महाराजांना शब्द देऊन झाला होता, आणि नेमके आत्ताच हे केरूचे खूळ!

कोणी काहीही लिहो, मिनिटाच्या आत खाली केरूचे 'रामकृष्ण हरी माउली' हजर. पहाटे पाचला, भर दुपारी, केव्हाही. चार महिन्यांत सहा हजार वेळा! एकाने गुडघेदुखीवर औषध विचारले, त्यालाही रामकृष्ण हरी.

'यंत्राला काढा, नाहीतर आम्ही मेळाव्याला येणार नाही,' असे चाळीस जणांनी कळवले.

महेशने शेवटची परीक्षा घेतली. 'केरूभाऊ, खरं सांगा, तुम्ही माणूस की यंत्र?'

उत्तर मिनिटाच्या आत. 'रामकृष्ण हरी माउली.'

"अहो, देवाचं नाव घेणाऱ्याला हाकलताय?" मनीषा म्हणाली.

"यंत्राला कसला आलाय देव?" असे बायकोला म्हणत महेशने केरूचे खाते बंद केले खरे, पण जेवण काही गेले नाही.

रविवारी मंगल कार्यालयात सतरंज्या अंथरल्या, हार आले. माणसे मात्र पाच, त्यात मनीषा आणि कार्यालयाचा रखवालदार. 'अचानक पाहुणे आले,' असा ज्ञानेशचा निरोप मोबाइलवर पडला. बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

"महेशराव," महाराज हळूच म्हणाले, "मागं टाळकरी नाहीत, पुढं श्रोते नाहीत. भिंतींना सांगू का कथा?"

महेशला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. गळ्यात टाळ अडकवलेले अकरा जण भराभर उतरले.

"विंचूरहून आलो," त्यांतले म्हातारे गोटीराम म्हणाले. "महेश माउली कोण?"

"मीच. आपण?"

"केरू."

"तुम्ही केरू?"

"आम्ही समदेच! बाजारात कांद्याच्या आडतीवर कॉम्प्युटर हाय. केरूनं खातं काढलं, त्याच्या नावावर मोकळा असंल तो बसतो. काकडा आटपून आलेला, लिलावाला आलेला, रातीचा राखणदार."

"पण सगळ्यांना एकच उत्तर?"

"टाळकऱ्यानं दुसरं काय म्हणायचं? बुवा बोलला की मागून साथ द्यायची. कुणाचं बोलणं रिकामं जाऊ द्यायचं नाय."

जन्मभर कीर्तने ऐकली, आणि टाळकरी ओळखता आला नाही! "मग मी 'माणूस की यंत्र' असं विचारलं, तेव्हा?" महेशने विचारले.

"तवा मी होतो," मागून एक जण ओशाळून म्हणाला. "चष्मा घरी राहिलेला."

"आन् परवापासनं कॉम्प्युटर आत घेईना," गोटीराम म्हणाले. "म्हटलं, तुमचं यंत्र बिघडलं असंल. चला, समक्षच जाऊ."

महेशला मान वर करवेना. मनीषाने तोंडाला पदर लावला.

अकरा जण महाराजांमागे ओळीने उभे राहिले. महाराजांचे पहिले वाक्य संपते न संपते तोच मागून गजर उसळला. मिनिट कसले, पापणीही लवली नव्हती. गोटीरामांनी पिशवीतून टाळांचा जादा जोड काढून महेशपुढे धरला.

टाळ घेऊन तो ओळीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. बारावा केरू.