आत्याचा कॉम्प्युटर मुका होतो

जगातला सगळ्यात शहाणा अपडेटर, म्हणजे कॉम्प्युटरवरचे प्रोग्राम आपोआप नवे करणारा प्रोग्राम, मी लिहिला होता! एकही प्रश्न विचारायचा नाही. दोन प्रोग्रामांचं एकमेकांशी जमलं नाही, की जुना असेल त्याला उचलून बाहेर टाकायचा आणि पुढे चालू पडायचं! ऑफिसात टाळ्या पडल्या. त्याच भरात रविवारी आत्याच्या कॉम्प्युटरवर तो बसवून आलो.

आत्याला दिसत नाही. पडद्यावरचं सगळं एक प्रोग्राम तिला मोठ्याने वाचून दाखवतो. त्याच्या भरवशावर तिने सत्तराव्या वर्षी पहिलं पुस्तक लिहिलं होतं. शेवटचा हात फिरवून ते शुक्रवारी संपादकांकडे पाठवायचं होतं.

बुधवारी फोन. "अरे, हा मुका झालाय!"

"स्पीकरची वायर बघ," मी मीटिंगमधून कुजबुजलो आणि विसरून गेलो.

शेजारच्या काकांनी वायर बदलली, मग स्पीकर बदलला. तरी चिडीचूप! शेवटी काका म्हणाले, "ताई, एकदा कानच तपासून घ्या." आणि आत्या खरंच कानाच्या डॉक्टरकडे गेली हो! डॉक्टर म्हणाले, "कान ठणठणीत आहेत. माझ्यापेक्षा चांगले!"

शनिवारी मी पोचलो. अपडेटरची नोंद उघडली. 'अडथळा दूर केला.' अडथळा म्हणजे तो वाचून दाखवणारा प्रोग्राम! अपडेटरने प्रिंटरचा नवा प्रोग्राम आणला होता, त्याच्याशी याचं जमलं नव्हतं. आणि घरात प्रिंटरच नव्हता!

"काय झालं होतं रे?"

थाप मारायला तोंड उघडलं, पण जमेना. "मीच घालवला, आत्या. आता परत बसवलाय."

"असं होय! मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं."

शुक्रवार हुकल्यामुळे संपादकांनी तिची यंदाची जागा दुसऱ्या पुस्तकाला दिली होती. तिचं पुढच्या वर्षी. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने मला चहा दिला.

सोमवारी अपडेटर पुन्हा लिहायला घेतला. भांडण दिसलं की थांबायचं. कोण जाणार, त्याच्यावाचून काय अडणार, ते नावानिशी सांगायचं. माणूस हो म्हणेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आणि काढलेलं परत आणायची सोय ठेवायची.

"लोक वैतागतील!" साहेब म्हणाले.

"वैतागू देत."

महिन्याने मी आत्याला उत्साहाने फोन केला. "आता एकदम सुरक्षित झालाय! रविवारी येऊ बसवायला?"



"ये की, जेवायलाच ये! फक्त कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊ नकोस."