बिनचूक युक्ती आणि ओर्तांसचा घेवडा

रूलेटच्या चक्रावर हरणारे लोक गाढव असतात, असं बार्नाबे न्हाव्याचं ठाम मत होतं. हे मत तो गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून मांडत असल्यामुळे आजवर कुणी ते खोडून काढलं नव्हतं.

मोनॅकोच्या बंदराजवळ त्याचं दोन खुर्च्यांचं दुकान होतं आणि वर टेकडीवर मोंटे कार्लोचा कॅसिनो. रात्री वर हरलेली माणसं सकाळी खाली दाढीला यायची. तीस वर्षं त्यांची रड ऐकून ऐकून बार्नाबे रूलेटचा पंडित झाला होता. कॅसिनोत मात्र त्याने जन्मात पाऊल टाकलं नव्हतं, कारण मोनॅकोच्या नागरिकाला तिथे खेळायला बंदी. बाहेरच्यांनी यावं, हरावं, आणि इथल्यांनी त्यांची दाढी करावी, असा एकूण कारभार.

"युक्ती अगदी सोपी आहे," तो बायकोला, ओर्तांसला, सांगायचा. "लालवर दहा फ्रँक लावायचे. आलं लाल, दहा मिळाले. नाही आलं, तर वीस लावायचे. मग चाळीस, मग ऐंशी. कधी ना कधी लाल येतंच. आलं की मागची सगळी हार वसूल, वर दहा फ्रँक फायदा. यात हरायला जागाच नाही."

"जागा नाही, तर तो एवढा महाल कशावर बांधला?" ओर्तांस विचारायची.

"गाढवांच्या पैशांवर."

ही युक्ती त्याने घरी पारखून घेतली होती. दोन वर्षं, रोज जेवणानंतर, स्वयंपाकघराच्या टेबलावर. एक खेळण्यातलं चक्र होतं आणि पैशांच्या जागी घेवड्याचे पांढरे दाणे. चक्रावर एक हिरवं शून्य होतं, ते ना लाल ना काळं. त्याने उगाच मनस्ताप होतो म्हणून बार्नाबेने त्यावर कागद चिकटवला होता. ओर्तांस चक्र फिरवी आणि बार्नाबे जिंके. दोन वर्षांत एकदाही हरला नाही.

आता एवढी अक्कल नुसती दाण्यांवर वाया घालवायची, हे त्याच्या जिवाला लागलं होतं. त्यातच लेकीचं पत्र आलं. लुसील लग्न होऊन समुद्रापार, दक्षिण अमेरिकेत मोंटेव्हिडिओला गेली त्याला सात वर्षं झाली होती. आता तिला मुलगा झाला होता. ओर्तांसने ते पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. दोघांनी बोटीने जायचं ठरवलं. पत्र्याच्या डब्यात पाच हजार एकशे दहा फ्रँक साठले होते आणि तिसऱ्या वर्गाचं जाण्यायेण्याचं तिकीट होतं माणशी अडीच हजार. म्हणजे सगळं जुळलं होतं. शहाण्या माणसाने तिकिटं काढली असती.

पण बार्नाबेला वाटलं, नातवाला पहिल्यांदा भेटायला जायचं आणि ते बोटीच्या तळाशी कांद्याच्या पोत्यांशेजारी झोपून? दुसऱ्या वर्गाला दोघांचे मिळून हजार फ्रँक जास्त लागत होते. हजार म्हणजे शंभर वेळा दहा. एका दुपारचं काम.

राहता राहिला प्रश्न आत जाण्याचा. त्यासाठी मेव्हणा होता. सेकोंदो सीमेपलीकडे इटलीत, व्हेंतिमिल्याला भाजी विकायचा. परदेशी असल्याने त्याला आत जायला मुभा होती, आणि स्वतःचं डोकं चालवण्याची त्याला सवय नव्हती. बार्नाबेला नेमका असाच माणूस हवा होता.

सोमवारी दुकान बंद. दुपारी दोघे कॅसिनोसमोरच्या बागेत आले. सेकोंदोच्या अंगावर बार्नाबेचा लग्नातला कोट होता, त्याची बटणं जीव मुठीत धरून बसली होती. खिशात डब्यातली सगळी रक्कम. ओर्तांसला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला आनंदाचा धक्का द्यायचा होता.

"नीट ऐक," बार्नाबे म्हणाला. "लाल सोडून कशाला हात लावायचा नाही. हरलास की दुप्पट, जिंकलास की परत दहा. एक फ्रँक जास्त नाही, एक फ्रँक कमी नाही."

"आणि काही अडलं तर, दाजी?"

"अडणार काय? मी इथे बाकावर आहे."

तासाभराने सेकोंदो हसत हसत बाहेर आला. "एकशे सत्तर फ्रँक फायद्यात आहोत, दाजी."

बार्नाबेने मोठ्या मनाने मान डोलावली आणि बागेतल्या महागड्या गाडीवरून आयुष्यात पहिल्यांदा दोन गोळ्यांचं आइस्क्रीम घेतलं. ते खाता खाता त्याने बोटीवरची खोली मनात लावून टाकली. खिडकीकडची बाजू ओर्तांसला.

आइस्क्रीम संपतंय तोच सेकोंदो पुन्हा पायऱ्यांवर दिसला. या खेपेला हसत नव्हता.

"दाजी, चार वेळा काळं आलं. आणि आत्ता हिरवं आलंय. हिरव्याचं काय करायचं?"

"हिरवं नसतं."

"आलंय."

"कागद..." बार्नाबे बोलता बोलता थांबला. "पैसे घेतले का त्यांनी?"

"नाही. पुढच्या फेरीपर्यंत अडकवून ठेवलेत म्हणे."

"मग जा ना! लाल येणारच आता. पाच वेळा नाही आलं म्हणजे त्याला लाज वाटत असेल."

लालला लाज नव्हती. अडकवलेले एकशेसाठ काळ्याने गिळले, मग तीनशेवीस, मग सहाशेचाळीस, मग बाराशेऐंशी. आणि सेकोंदो तिसऱ्यांदा बाहेर आला तो पळतच. कोटाचं एक बटण आतच राहिलं होतं.

"दाजी, पुढचे दोन हजार पाचशेसाठ घेत नाहीत ते!"

"घेत नाहीत म्हणजे? कॅसिनो आहे की देऊळ?"

"एका वेळी दोन हजारांच्या वर लावता येत नाही. पाटीच आहे तशी."

"कुठली पाटी?"

"टेबलावरची. दुपारपासून माझ्या नाकासमोर आहे."

"आणि तू मला आत्ता सांगतोस?"

सेकोंदो खरोखरच गोंधळला. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही इथलेच ना, दाजी."

बार्नाबे बाकावरून ताडकन उठला. तीस वर्षं शेकडो गाढवांच्या दाढ्या केल्या, सगळ्यांची कहाणी ऐकली, पण त्या पाटीबद्दल एकानेही अवाक्षर काढलं नव्हतं. काढलं असेलही, पण तेव्हा बार्नाबे बोलत असणार.

तो तरातरा पायऱ्या चढला. दारावर त्याचाच चुलतभाऊ थेओफिल सोनेरी पट्ट्यांच्या गणवेशात उभा होता.

"तू नाही, बार्नाबे."

"मला खेळायचं नाहीये. फक्त ती मर्यादा जरा वाढवायला सांगायचंय."

"कुणाला सांगणार? चक्राला?"

"अरे, पुढच्या फेरीला लाल येणार! सगळं वसूल होईल. बिनचूक युक्ती आहे. दोन वर्षं पारखलीय."

"अशी बिनचूक युक्ती घेऊन रोज पाच-सहा जण येतात," थेओफिल शांतपणे म्हणाला. "त्यांच्यासाठीच आम्ही कोट टांगायच्या खुंट्या वाढवल्या." मग तो सेकोंदोकडे वळला. "तू जाऊन नुसतं बघून ये. खिशातून हात बाहेर काढू नकोस."

सेकोंदो गेला. बार्नाबे चौथ्या पायरीवर उभा राहून मर्यादेला, पाटीला आणि ती लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या देत होता. बऱ्याच वेळाने सेकोंदो परत आला.

"काळं. मग काळं. मग पुन्हा काळं."

थेओफिलने आकाशाकडे बघत हिशेब केला. "म्हणजे मर्यादा नसती तर आता तुला वीस हजार चारशे ऐंशी लावावे लागले असते. आहेत?"

बार्नाबे टोपी काढून तिच्या आत बघू लागला.

"आणि जिंकला असतास किती?"

"दहा," बार्नाबे म्हणाला. हा आकडा त्याने आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या हळू आवाजात उच्चारला होता.

सेकोंदोने खिशातले पैसे त्याच्या हातात मोजून दिले. दोन हजार सातशेतीस. ज्या पाटीला बार्नाबे शिव्या देत होता, तिनेच एवढे वाचवले होते. एक तिकीट आणि वर थोडी चिल्लर.

मोनॅको केवढं? थेओफिलच्या बायकोने बातमी टेकडीवरून खाली पोचवली, तीही बार्नाबेच्या आधी. घरी टेबलावर रिकामा डबा उघडून ठेवला होता आणि पलीकडे ओर्तांस बसली होती.

बार्नाबेने पैसे डब्यात ठेवले. "चुकलं माझं. तुला खिडकीकडची जागा द्यायची होती गं."

ओर्तांसने पैसे मोजले.

"पण एक कळत नाही," बार्नाबे म्हणाला. "इथे, याच टेबलावर, दोन वर्षांत मी एकदाही हरलो नाही."

"अहो, हराल कसे? तुमचे दाणे संपायला आले की मी खालच्या शेजारणीकडून आणत होते. तिचे संपले की वरचीकडून. एकदा तर नेमकं काळंच काळं यायला लागलं, तेव्हा किराणावाल्याकडून अख्खं पोतं आणलं. दाणे येतात कुठून, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत?"

बार्नाबेने विचारलं नव्हतं. जिंकणारा माणूस असल्या बारीकसारीक चौकशा करत नाही.

"तू जा," तो म्हणाला. "एक तिकीट येतंय. लुसील तुझीच वाट बघत असेल. मला काय, मुलगा नुसता रडेल मला बघून."

ओर्तांसने त्याचा हात थोपटला. पण 'नाही, मी राहते' असं ती म्हणाली नाही. सात वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत.

पुढच्या महिन्यात ती निघाली. उरलेल्या चिल्लरीतून नातवाला लोकरीचं टोपडं घेतलं होतं. बोट इटलीतल्या जेनोव्हा बंदरातून सुटणार होती. स्टेशनवर जेनोव्हाची गाडी आली, सेकोंदोने ट्रंक आत ढकलली, आणि बार्नाबे खिडकीखाली टोपी हातात धरून उभा राहिला.

"तीन महिने मी जेवू काय?" गाडी हलली तेव्हा त्याला सुचलं.

"शेजारणींचं देणं फेडून अर्धं पोतं उरलंय घेवड्याचं," ओर्तांस खिडकीतून म्हणाली. "मोजत बसू नका. शिजवा."